एकशे त्रेपन्न संध्याकाळी

आमच्या प्रकल्पाने एकदा आपसातला विश्वास वाढवण्यासाठी कार्यशाळा घेतली होती. अर्थात पडद्यावरच. चार देशांतली एकतीस माणसं एकतीस चौकोनांत बसली होती आणि एक गोड आवाजाची बाई सांगत होती, घरातली एखादी जिव्हाळ्याची वस्तू आणा आणि तिच्याबद्दल दोन मिनिटं बोला. मी काही आणलं नाही. माझा तो स्वभावच नाही. लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी दूध न पिताच फुंकत बसते. एकाने लग्नातला फोटो आणला, एकीने मांजर आणलं, आणि कोपऱ्यातल्या चौकोनातल्या एका गृहस्थांनी कान तुटलेला कप वर धरला. म्हणाले, "हा माझा चहाचा कप. कान तुटलाय, पण गळत नाही." एवढं बोलून गप्प बसले. त्यांच्या वाट्याची उरलेली दीड मिनिटं सगळे त्या कपाकडे बघत राहिले.

तेव्हापासून मी त्यांना कानतुटे म्हणायला लागले, आधी मनात, मग तोंडावर. ते मला तपासनीसबाई म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते, विधवा बहिणीसोबत राहायचे, आणि पुढची सहा वर्षं आम्ही रोज संध्याकाळी सहा वाजता एकमेकांना भेटत होतो. संध्याकाळ माझी. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ असायची.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका जुन्या खाणीत जमिनीखाली खूप खोल एक मोठी टाकी आहे. तिच्यात अतिशय शुद्ध द्रव भरलेला आहे. त्या द्रवात वर्षा-दोन वर्षांतून एखादी क्षणभराची ठिणगी उडेल अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. ती का उडेल आणि उडाली तर काय सिद्ध होईल, ते त्यांना विचारा. मी उपकरणांची इंजिनियर, माझी नजर काट्यावर. टाकीतल्या द्रवाची पातळी दाखवायला एक साधी काट्याची तबकडी आहे, कारण टाकीजवळ विजेवर चालणारं जेवढं कमी तेवढं बरं. तिच्यासमोर दोन छोटे कॅमेरे बसवलेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दिवसातून एकदा, माझी शिफ्ट संपून कानतुट्यांची सुरू होताना, ते दोन मिनिटं चालू व्हायचे. चित्र साठवून ठेवायची सोय नव्हती. साठवलं की माणसं नंतर बघू म्हणतात आणि मग कोणीच बघत नाही, असं आमच्या प्रमुखांचं मत. ते काही चूक नव्हतं.

भिंतीवरचं घड्याळ बाजूने पाहिलं तर काटा जरा पुढेमागे दिसतो. इथेही तसंच. डावीकडून आकडा थोडा जास्त दिसायचा, उजवीकडून थोडा कमी. दोघांत चार रेघांचा फरक. तो फरक बदलला तर कुठलातरी कॅमेरा हलला असं समजायचं. म्हणून नियम असा होता की त्यांनी डावा कॅमेरा बघायचा, मी उजवा, एकमेकांना न सांगता आपापल्या रकान्यात आकडा भरायचा आणि मग दोन्ही रकाने एकदम उघडायचे. फरक चारच्या आसपास आला की ते म्हणायचे, "जुळला," आणि आम्ही सही करायचो.

पहिलं वर्षभर मी त्यांचा जीव खाल्ला. फरक पाच आला की मी म्हणायची, पुन्हा बघा. एकदा पाच वेळा बघायला लावलं. त्यांच्या जागी मी असते तर पडदा बंद करून निघून गेले असते. ते म्हणाले, "तपासनीसबाई, काटा तोच आहे आणि डोळे माझेच आहेत. पण तुमच्या समाधानासाठी सहाव्यांदा बघतो." त्या दिवसापासून मी जरा नरमले. त्यांच्यामागे खिडकीत तारेवर मोजे वाळत असायचे, आतून बहिणीचा खोकला ऐकू यायचा. खोकला वाढला की मी विचारायची. इकडे माझे बाबा काय जेवले, हे ते विचारायचे. विश्वास कार्यशाळेत वाढत नाही. तो असा मोज्यांकडे बघत बघत वाढतो, आणि वाढला ते कळतही नाही.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. बाबा पाण्याचे मीटर वाचायचे. चौतीस वर्षं दारोदार हिंडले, पायऱ्यांखाली वाकले, झाकणं उघडून विंचवांशी ओळखी केल्या. त्यांच्या ऑफिसात घरबसल्या अंदाजे आकडे टाकणारे पुष्कळ होते. बाबा म्हणायचे, "मीटर न बघता आकडा लिहिणारा चोरापेक्षा वाईट. चोराला निदान घरापर्यंत यावं लागतं." घराला कुलूप दिसलं की ते रकान्यात 'घर बंद' लिहायचे आणि पुढे जायचे. त्यांच्या वहीत साहेबांना कधी खोटा आकडा सापडला नाही. बढतीही त्यांना कधी सापडली नाही.

निवृत्त झाल्यावर ते सहाच्या ठोक्याला माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसायचे. कानतुटे "जुळला" म्हणाले की बाबा मान डोलवायचे. मला म्हणायचे, "जोडीदार चांगला मिळालाय तुला. बघून लिहितो." हे ऐकून शेजारणीला वाटलं, माझं कुठेतरी जमलंय. ती दोन दिवस पेढ्यांची वाट बघत होती.

मग बाबांच्या डोक्यातली घरं एकेक करून बंद होऊ लागली. आधी नावं गेली, मग वार गेले. सकाळी ते ठीक असायचे. संध्याकाळ झाली की त्यांना ड्युटीची आठवण यायची. बूट घालायचे, खांद्याला पिशवी लावायचे आणि निघायचे. पहिल्यांदा निघाले तेव्हा मी कॅमेरा चालू व्हायची वाट बघत होते. दार उघडं दिसलं आणि तशीच धावले. तीन गल्ल्या पलीकडे एका अनोळखी फाटकाशी ते गुडघ्यांवर बसले होते, मीटरच्या लोखंडी झाकणाने बोट कापलं होतं, आणि घराची मालकीण वर उभी राहून ओरडत होती. परत आले तेव्हा पावणेसात झाले होते. माझा रकाना कोरा.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांचं पत्र आलं. रकाना कोरा का, खुलासा करावा. महिन्यात तीन रकाने कोरे राहिले तर कराराचा फेरविचार होईल. आमचे करार दरवर्षी नवे व्हायचे. मी लिहिलं, वीज गेली होती.

आज वाटतं, तेव्हाच खरं लिहिलं असतं तर? वडील आजारी आहेत, वाचनाची वेळ तासभर अलीकडे घ्या, एवढा दोन ओळींचा अर्ज. कदाचित मान्यही झाला असता. पण सांगितलं की कीव येईल आणि कीव आली की काम जाईल, असं मी गृहीत धरलं. माझ्याखेरीज तीस माणसं होती, त्यांतल्या एकोणतीस जणांवर माझा विश्वास नव्हता.

एकावर होता. चार दिवसांनी बाबा पुन्हा बूट घालायला लागले. मी खुर्चीवरून उठता उठता पडद्याकडे बघून माझा पासवर्ड ओरडून सांगितला. तो बाबांचा बिल्ला नंबर होता. कानतुट्यांनी लिहून घेतला. म्हणाले, "जा तू. बाबांना सांभाळ." त्या दिवशी ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

परत आले तेव्हा माझा रकाना भरलेला होता. "माझ्या आकड्यातून चार वजा केले," ते म्हणाले. "एका दिवसाने काय बिघडतंय."

एका दिवसाने बिघडलं नाही, म्हणून दुसरा दिवस आला. मग रोजचंच झालं. मी पावणेसहाला बाबांचा हात धरून बाहेर पडायची आणि कानतुटे दोन्ही रकाने भरायचे. आठवडाभराने मीच त्यांना म्हटलं, "रोज चार टाकू नका, कोणाच्या तरी डोळ्यांवर येईल. मधून तीन टाका, मधून पाच." ही अक्कल माझी. ते म्हणाले, "तपासनीसबाई सांगतायत म्हणजे बरोबरच असणार."

आणि मी काय करत होते? बाबांच्या मागे वही घेऊन मीटर वाचत होते. बाबा वाकायचे, काच अंगठ्याने पुसायचे, आकडा सांगायचे. वहीच्या पानावर वर तारीख घालून मी तो लिहायची. गल्लीतल्या लोकांना हळूहळू सवय झाली, काहींनी तर झाकणं आधीच उघडून ठेवायला सुरुवात केली. घरात दिवा नसला की बाबा म्हणायचे, "लिही, घर बंद." मी लिहायची. आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी पाय घरी वळत नव्हते.

अशा पाच महिन्यांत एकदा टाकीत ठिणगी उडाली. सगळ्या चौकोनांतून टाळ्या वाजल्या. कानतुट्यांनी तो कप वर केला. प्रमुखांचे डोळे भरून आले होते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं त्या टाकीत गेली होती.

महिन्याभराने देखभालवाला वार्षिक मोजणीसाठी टाकीत पट्टी घालायला उतरला आणि पातळी सतरा रेघा खाली निघाली. टाकी गळत होती, कितीतरी दिवस. डाव्या कॅमेऱ्याचा स्क्रू सैल झाला होता. दर आठवड्याला धूळ पुसताना तो किंचित कलत गेला. काटा खाली येत होता आणि कललेल्या कॅमेऱ्यातून जवळजवळ जागच्या जागी दिसत होता. उजव्या कॅमेऱ्यातून तो उतरताना लख्ख दिसला असता. उजव्या कॅमेऱ्याला त्या दिवसांत डोळेच नव्हते. पातळी एवढी उतरली की खोट्या ठिणग्या उडतात. पाच महिन्यांची सगळी माहिती फेकून दिली आणि ती ठिणगीही तिच्याबरोबर गेली.

चौकशी पडद्यावरच झाली. प्रमुख, आकडेवारी बघणाऱ्या बाई, देखभालवाला, कानतुटे आणि मी. आकडेवारीवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन माणसं खरंच बघतात तेव्हा फरक इतका शहाण्यासारखा वागत नाही. इथे तीन आणि पाच आळीपाळीने येतायत. हे आकडे एकाच माणसाने भरलेत."

प्रमुख माझ्याकडे वळून काही विचारणार, तेवढ्यात कानतुटे बोलले. "मी भरलेत. तिला काही माहीत नाही. ती रोज स्वतः बघून आकडा भरायची. तिचा पासवर्ड माझ्या कानावर पडला होता. माझा आकडा जुळत नसला की कटकट नको म्हणून मी मागून तिचा बदलायचो."

हे आमचं ठरलेलं नव्हतं. त्यांनी मला एका शब्दाने कल्पना दिली नव्हती. मी त्यांच्या चौकोनाकडे बघितलं. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, खाली कुठेतरी बघत होते.

प्रमुखांनी विचारलं, "तुम्ही स्वतः बघत होता ना?"

आतल्या खोलीत बाबा बूट शोधत होते. कपाटाचं दार उघडत होतं, बंद होत होतं.

"हो," मी म्हणाले.

हे मी बाबांसाठी केलं, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. मी घाबरले होते. समोर दार उघडं दिसलं आणि मी एका माणसाला आत ठेवून बाहेर पडले.

प्रमुख कानतुट्यांना म्हणाले, आजपासून तुमचा प्रवेश बंद. कानतुट्यांचा चौकोन विझला. उरलेले चौकोन आपोआप सरकून जवळ आले आणि त्यांची जागा भरून गेली.

रात्रीचं जेवण तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, माझ्याकडे त्यांचा फोन नंबर नाही. पत्ता नाही. सहा वर्षं रोजची भेट, त्यांच्या बहिणीला कुठल्या औषधाने बरं वाटतं ते मला पाठ होतं, पण ते सगळं बोलणं प्रकल्पाच्या खिडकीतून चालायचं आणि ती खिडकी आता बंद होती. ऑफिसला विचारलं. खाजगी माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं. त्यांच्या नावाची माणसं शोधली, शेकड्यांनी निघाली. एकाच्याही हातात तो कप नव्हता.

नवा नियम आला. वाचनाची वेळ सकाळी केली, जे मी कधीतरी मागायला हवं होतं, ते न मागता मिळालं. समोरचा माणूस आता दर आठवड्याला बदलायचा आणि बोलायला मनाई होती. ओळखच नको म्हणजे फसवणूक नको. मी उजवा कॅमेरा रोज डोळ्यांत तेल घालून बघायची. फरक चार यायचा. 'जुळला' कोणी म्हणायचं नाही.

सहा वाजले की बाबा बूट घालता घालता विचारायचे, "जोडीदार कुठे गेला तुझा?"

"रजेवर आहेत."

"फार दिवस झाले," बाबा म्हणायचे. माझं नाव ते विसरले होते. हे मात्र रोज विचारायचे.

असे सात महिने गेले. एका संध्याकाळी आम्ही गल्लीच्या टोकाच्या घराशी आलो. दार बंद, आत अंधार. माझं लक्ष नव्हतं. मी आदल्या दिवसाचा आकडा बघून सवयीने तसाच काहीतरी आकडा वहीत लिहिला. बाबांनी वही मागितली, डोळ्यांजवळ नेली आणि थांबले.

"मीटर बघितलंस?"

कोणीतरी नवी नोकरीला लागलेली मुलगी असावी, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते.

"मग आकडा कुठून आला?"

मी आदल्या दिवसाच्या पानावर बोट ठेवलं.

ते रागावले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी आकड्यावर रेघ मारली. "नवीन आहेस. सगळ्यांना वाटतं, काल होता तितकाच आज असेल. नसतो." मग त्यांनी 'घर बंद' लिहिलं आणि वही माझ्या हातात दिली. "हे लिहायला लाजायचं नाही. घर बंद असणं हा गुन्हा नाही. बघितलं म्हणणं गुन्हा आहे."

मी त्या फाटकाला धरून रडले. बाबा बाजूला उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढचं घर राहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी फेऱ्यांच्या वह्या काढल्या. प्रत्येक पानावर तारीख होती. चौकशीच्या आधीची पानं मोजली, एकशे त्रेपन्न भरली. मी प्रमुखांना पत्र लिहिलं. पासवर्ड मी स्वतः दिला होता, तीन आणि पाचाची युक्ती माझी होती, मी विचारल्यावर खोटं बोलले. खाली एकशे त्रेपन्न तारखा लिहिल्या आणि प्रत्येक तारखेपुढे लिहिलं, उजवा कॅमेरा बघितला नाही. कानतुट्यांना परत घ्या, असं शेवटी लिहिलं. ते पत्र पाठवताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. माझा करार संपवण्यात येत होता. कानतुट्यांनी रकाने भरले ही गोष्ट माझ्या पत्राने बदलत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा निर्णय कायम. नियमाप्रमाणे माझं पत्र त्यांना पाठवलं होतं आणि त्यांचं म्हणणं सोबत जोडलं होतं. पत्ता, नंबर, सगळ्यावर काळी पट्टी मारलेली. त्यांचं म्हणणं पाच-सहा ओळींचं होतं. मला उद्देशून नव्हतंच.

"यादीत एक चूक आहे. एकशे त्रेपन्न नव्हे, एकशे एक्कावन्न." पुढे दोन तारखा होत्या. "या दोन संध्याकाळी वडिलांना दुपारच्या झोपेतून उशिरा जाग आली, म्हणून तिने उजवा कॅमेरा स्वतः बघितला, आकडा भरला आणि घाईने गेली. फरक एकदा नऊ आला, एकदा बारा. मला वाटलं, दमली आहे, चुकली असेल. मी तिचा आकडा बदलला आणि तिला जुळला म्हणून कळवलं. तिचे दोन्ही आकडे बरोबर होते. तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर टाकी तेव्हाच सावरली असती. हे दोन दिवस माझे आहेत, ते तिच्या यादीतून काढावेत."

मी ते किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. वहीत त्या दिवसांचीही पानं होती, म्हणून मोजताना त्या दोन संध्याकाळी माझ्या ध्यानातच आल्या नव्हत्या. म्हणजे चौकशीत ते बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्यावर दया येऊन त्यांनी माझा खरा आकडा खोडला होता, आणि मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं, कारण ते म्हणाले होते, जुळला. आयुष्यभर ताक फुंकत आले आणि एवढं एक न फुंकता प्याले. राग यायला हवा होता. त्यांच्यावर आला नाही. सगळं जाऊनसुद्धा हा माणूस दोन तारखा जपून होता, एवढंच कळत होतं. त्या तारखा नेमक्या आहेत का, हे त्यांना विचारायला माझ्याकडे आता काही वाट नव्हती.

मी वहीत ती दोन पानं शोधली. एकावर नऊ घरं होती, एकावर सहाच, उशीर झाला होता म्हणून. यादीची माझी प्रत काढून मी त्या दोन ओळींवर रेघ मारली.

"जोडीदार आला का?" बाबांनी विचारलं.

या वेळी मी रजेवर म्हटलं नाही. "घर बंद आहे, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलवली. सहा वाजत आले होते. मी त्यांचे बूट पुढे केले आणि वही घेतली.